युद्धाचा खेळ आणि घरचे नियम

अंगणांत क्रिकेट खेळतांना 'चेंडू कुंपणाबाहेर गेला कीं गडी बाद' असा नियम आपण कितीदां तरी केला असेल. कोणत्याहि छापील नियमावलींत तो नसतो. अंगण लहान आणि शेजाऱ्यांच्या कांचा नाजूक, म्हणून तो जन्मास येतो. अशाच 'घरच्या नियमां'चा संगणकावरील युद्धखेळांत मोठ्या गंभीरपणें विचार होतो. तो कां, हें पाहण्याजोगें आहे.

युद्धाचा खेळ नवा नव्हे. बुद्धिबळाचा पूर्वज जो आपला चतुरंग, त्यांत हत्ती, घोडे, रथ व पायदळ हीं सेनेचीं अंगेंच होत. परंतु तेथें दोन्ही सेना समान व भूमि सपाट. इ. स. १८२४ मध्यें प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ नामक तरुण अधिकाऱ्यानें, आपल्या वडिलांच्या कल्पनेंत सुधारणा करून, 'क्रीग्सश्पील' प्रसिद्ध केलें. भूमीचा यथार्थ नकाशा, फांसे, हानीचीं कोष्टकें आणि निवाडा देणारा पंच, अशी त्याची मांडणी होती. पुढें कोष्टकांचें ओझें वाटूं लागलें, तेव्हां १८७६ मध्यें व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनानीनें अनुभवी पंचाच्या विवेकावरच भर द्यावा असें सुचविलें.

आतां संगणक हजारों हिशेब क्षणांत करतो. परंतु पंचाचा विवेक त्याच्यापाशीं नाहीं. आज्ञावलींत जें लिहिलें तेवढेंच त्यास ठाऊक. उदाहरणार्थ, २००९ सालीं निघालेल्या 'वॉर इन द पॅसिफिक : अ‍ॅडमिरल्स एडिशन' या खेळांत १९४१ च्या डिसेंबरपासूनचें पॅसिफिक युद्ध दिवसागणिक खेळतां येतें. त्या काळीं रशियाच्या धास्तीनें जपानला आपली क्वांटुंग सेना मांचूरियांत राखावी लागली होती. खेळांत तिचीं पथकें दुसऱ्या विभागाकडे देण्यास 'राजकीय गुण' खर्चावे लागतात. परंतु ते न भरतां पथक पायींच चीनमध्यें नेण्याची पळवाट सांपडते. म्हणून कित्येक खेळाडू आधींच ठरवितात कीं, गुण भरल्यावांचून सरहद्द ओलांडूं नये.

येथें एक गैरसमज टाळावा. इतिहासाशीं इमान राखणें म्हणजे इतिहासांतलाच निकाल लावणें नव्हे. तसें असतें तर खेळण्याचें प्रयोजनच उरलें नसतें. ज्या अडचणी खऱ्या सेनापतींपुढें होत्या, त्याच आपल्यापुढें असाव्या, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र नियम बदलण्याचा अधिकार दुधारी आहे. १९४२ च्या मे महिन्यांत जपानी आरमारानें मिडवेच्या मोहिमेची तालीम अशाच खेळानें केली. फुचिदा व ओकुमिया या जपानी अधिकाऱ्यांनीं लिहिल्याप्रमाणें, मिडवे बेटावरील विमानांच्या हल्ल्यांत फांशानें नऊ आघात दिले आणि 'अकागी' व 'कागा' हीं विमानवाहू जहाजें बुडालीं. तेव्हां प्रमुख पंच अ‍ॅडमिरल उगाकी यांनीं नवांचे तीन केले. अकागी वांचली, बुडालेली कागाहि खेळाच्या पुढील भागांत पुन्हां अवतरली.

न्यायानें बोलावयाचें तर, ४ जून रोजीं बेटावरील विमानांचा एकहि आघात त्या जहाजांवर झाला नाहीं. म्हणून नवांचे तीन करणें अगदींच अवास्तव नव्हतें. दोष हा कीं, नियम फांसा पडल्यावर बदलला, तोहि आपल्याच पक्षाच्या सोयीनें. जो इशारा मिळावयाचा तो पुसला गेला. पुढें अमेरिकन जहाजांवरील विमानांनीं अकागी व कागा यांसह जपानचीं चार विमानवाहू जहाजें नष्ट केलीं. तेथें कोणताहि पंच त्यांस पुन्हां तरंगवूं शकला नाहीं.

म्हणून घरचा नियम करतांना तीन गोष्टी पाहाव्या : तो खेळाआधीं ठरला आहे काय? दोन्ही पक्षांस सारखाच लागू आहे काय? आणि त्याचें कारण सत्य आहे कीं आपली सोय? अंगणांतल्या खेळासहि हीच कसोटी लावून पाहावी. आपण बाद झाल्यावर सुचलेला नियम कितीहि शहाणपणाचा असो, तो पुढच्या डावापासूनच लागू करावा.