व्हिडिओ मुका असला तरी डेटा खातोच. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ असे थांबवा

गोंदिया : धान कापून बांधीत पडलेले असते, आभाळ भरून येते आणि सालेकसा किंवा देवरीकडचा शेतकरी मोबाइलवर पावसाची बातमी उघडतो. बातमीची पहिली ओळ दिसण्याआधीच कोपऱ्यातला व्हिडिओ सुरू होतो. नेटवर्कची एकच काडी असेल तर तो व्हिडिओ पुढे सरकतो, बातमी मात्र गोल गोल फिरत राहते.

अनेकांना वाटते, आवाज येत नाही म्हणजे खर्च नाही. हा गैरसमज महागात पडतो. व्हिडिओत आवाजाचा वाटा थोडा, चित्राचाच मोठा. सेकंदाला 1 मेगाबिट वेगाने चालणारा साधा व्हिडिओ मिनिटाला साधारण साडेसात एमबी घेतो. दिवसभरात अशी 20 मिनिटे नकळत गेली, तर 150 एमबी संपले. रोजच्या दीड जीबीचा दहावा हिस्सा.

क्रोमने एप्रिल 2018 मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च 2019 मध्ये आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना लगाम घातला. संकेतस्थळांनी यातून वाट काढली : व्हिडिओ मुका करून चालवायचा. क्रोम मुक्या व्हिडिओला अडवत नाही. त्यातच क्रोमची डेटा वाचवणारी ‘लाइट मोड’ सोय 2022 मध्ये बंद झाली.

अँड्रॉइडवरील क्रोममध्ये व्हिडिओ पूर्ण थांबवणारे थेट बटण नाही. ‘साइट सेटिंग्ज’मधील ‘साउंड’ बंद केले तर फक्त आवाज जातो. म्हणून बातम्या वाचण्यापुरता तरी फायरफॉक्स घेणे सोयीचे. त्यात तीन टिंबांवर बोट ठेवून ‘सेटिंग्ज’, मग साइटच्या परवानग्यांचा विभाग आणि तेथे ‘ऑटोप्ले’ उघडा. ‘ब्लॉक ऑडिओ अँड व्हिडिओ’ निवडले की काम झाले. फक्त मोबाइल डेटावर असताना व्हिडिओ अडवण्याचा पर्यायही तेथेच मिळतो. संगणकावर हीच सोय ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या ‘परमिशन्स’मध्ये आहे. यानंतर एखादा व्हिडिओ खरेच पाहायचा असेल, तर त्यावर बोट टेकवावे, तो चालतो.

ब्राउझरची ही सेटिंग अॅपला लागू होत नाही, हे लक्षात ठेवा. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘मीडिया’खाली ‘ऑटोप्ले’ असते. ते ‘नेव्हर’वर न्यावे. यूट्यूबच्या पहिल्या पानावर व्हिडिओ आपोआप हलू लागतात, त्यासाठी सेटिंग्जमधील ‘प्लेबॅक इन फीड्स’ बंद करावे लागते.

काही अॅपमध्ये ‘फक्त वायफायवर’ असाही पर्याय असतो. ज्यांच्या घरी वायफाय नाही त्यांना तो पुरेसा वाटतो. पण शेजाऱ्याच्या मोबाइलचे हॉटस्पॉट घेतले की फोनला ते अनेकदा वायफायच वाटते, आणि मग डेटा जातो तो शेजाऱ्याचा.