विश्लेषण : शांत, हिरवा, पायी फिरता येणारा परिसर ओळखायचा कसा? घर घेण्यापूर्वी काय तपासावे?

घर पाहायला जाणारे बहुतेक कुटुंब रविवारी सकाळी अकराच्या सुमारास जाते. त्या वेळी रस्ता रिकामा असतो, ऊन छान असते, विक्री कार्यालयातला चहा गरम असतो. स्वयंपाकघराचा ओटा, बाल्कनीची दिशा, फरशीचा रंग यावर तासभर चर्चा होते. मात्र ओटा नंतर बदलता येतो, फरशीही बदलता येते. समोरचा रस्ता, शाळेचे अंतर, शेजारच्या मंगल कार्यालयाचा आवाज आणि दूरवर दिसणारी टेकडी यांतले काहीही घरमालकाला बदलता येत नाही. तरीही निर्णयात सर्वांत कमी वेळ परिसराच्या वाट्याला येतो. पुण्याच्या उदाहरणावरून हा विषय समजून घेऊ.

निवड चुकली तर किती महागात पडते?

पुणे शहरात सदनिकेच्या खरेदीवर मुद्रांक शुल्क आणि त्यावरील अधिभार मिळून ७ टक्के भरावे लागतात. खरेदी महिलेच्या नावे असल्यास त्यात एका टक्क्याची सवलत मिळते. म्हणजे ८० लाखांच्या घरासाठी ५ लाख ६० हजार रुपये, शिवाय नोंदणी शुल्काचे ३० हजार. परिसर आवडला नाही म्हणून दोन वर्षांनी घर विकले, तर ही रक्कम परत मिळत नाही आणि पुढच्या घरासाठी पुन्हा तेवढीच मोजावी लागते. दलाली, गृहकर्जाचे प्रक्रिया शुल्क, नव्याने केलेले फर्निचर यांचा खर्च वेगळाच. मुलांची शाळा मध्येच बदलावी लागणे आणि आजी-आजोबांची जमलेली मंडळी तुटणे यांचा हिशेब तर रुपयांत मांडता येत नाही. म्हणूनच बहुतेक कुटुंबे चुकलेल्या निवडीसोबत पुढची वीस वर्षे निमूटपणे काढतात.

शांतता म्हणजे नेमकी किती?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती अनुक्रमे ६५ आणि ५५ आहे. रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा. दहा डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण कानाला तो आवाज साधारण दुप्पट जाणवतो. मोबाइलवरील आवाज मोजणारे अ‍ॅप प्रमाणित यंत्राइतके अचूक नसते. मात्र दोन ठिकाणांची किंवा दोन वेळांची तुलना करायला ते पुरेसे आहे.

ही तुलना कोणत्या वेळी करावी, हे अधिक महत्त्वाचे. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला, संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आणि शनिवारी रात्री अकराला अशा तीन फेऱ्या माराव्यात. सकाळी शाळेच्या बसगाड्या आणि आडवाट शोधणारे दुचाकीस्वार दिसतात. संध्याकाळी खाऊगल्ली आणि सिग्नलवरचे हॉर्न कळतात. शनिवारी रात्री लॉन्स, मंगल कार्यालये आणि रेस्टॉरंट यांचा खरा आवाज ऐकू येतो. लग्नसराईत आणि गणेशोत्सवात परिसर कसा असतो, हे तिथल्या इस्त्रीवाल्याला किंवा इमारतीच्या सुरक्षारक्षकाला विचारले तर सरळ उत्तर मिळते.

आवाज इमारतीच्या आतूनही येतो. पाण्याचे पंप, जनरेटर आणि सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची यंत्रे ज्या बाजूला आहेत, तिथल्या खालच्या मजल्यांना ती घरघर रात्री ऐकू येते. विमाननगर, लोहगाव परिसरात विमानतळाबरोबरच हवाई दलाच्या तळावरील उड्डाणांचाही विचार करावा लागतो.

दिसणारी हिरवाई कोणाची?

माहितीपत्रकातील ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ या शब्दांमागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, समोरचा रिकामा भूखंड. तो हिरवा दिसतो, पण उद्या तिथे इमारत उभी राहते. दुसरी, संकुलातील पोडियमवरची बाग. ती पार्किंगच्या छतावर मर्यादित मातीत केलेली असते. तिथे हिरवळ आणि शोभेची झुडपे टिकतात, पण वड, कडुनिंब किंवा पावसाळी शिरीष यांच्यासारखी दाट सावली मिळत नाही. तिसरी, खासगी बंगल्यांच्या आवारातील जुनी झाडे. चौथी, सार्वजनिक उद्याने, रस्त्याकडेची झाडे आणि टेकड्या. भरवसा ठेवता येईल अशी हिरवाई प्रामुख्याने चौथ्या प्रकारातली.

प्रभात रस्ता, एरंडवणे, मॉडेल कॉलनी हे भाग हिरवे वाटतात, त्यात तिसऱ्या प्रकाराचा वाटा मोठा आहे. बंगल्याच्या जागी इमारत आली की आवारातल्या झाडांचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण परवानगी मिळू शकते आणि बदल्यात लावलेले रोप मोठे व्हायला एक पिढी जाते. याउलट कमला नेहरू उद्यान, वेताळ टेकडी किंवा तळजाई ही कोणा एकाच्या आवारातली हिरवाई नाही. अर्थात तिलाही धोका नसतो असे नाही. वेताळ टेकडी परिसरातून प्रस्तावित असलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्यावरून वर्षानुवर्षे वाद सुरू आहे.

मोजमापासाठी नेदरलँड्सचे नागरी वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडेक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ‘३-३०-३००’ हा नियम उपयोगी आहे. घरातून किमान ३ मोठी झाडे दिसावीत, परिसराच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी आणि ३०० मीटरच्या आत उद्यान असावे. पहिली अट खिडकीत उभे राहून आणि तिसरी पायी चालून तपासता येते. दुसरीचा अंदाज उपग्रह नकाशावरून येतो. मे महिन्यात दुपारी गल्लीतून फेरफटका मारला तर नकाशाचीही गरज उरत नाही.

पदपथ आहे, मग चालता येते असे का नाही?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागातील पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा असायला हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. म्हणजे दोन व्यक्ती एकमेकींना ओलांडून जाऊ शकतील एवढी रुंदी आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना चढता येईल एवढी पायरी. प्रत्यक्षात विजेची डीपी, दुकानाचे फलक आणि दुचाकी यांनी पदपथ तुटक झालेला असतो. जंगली महाराज रस्त्याच्या नव्या रचनेत पदपथ रुंद केल्यावर तिथली वर्दळ कशी बदलली, हे पुणेकरांनी पाहिले आहे. शांत गल्लीत मात्र पदपथ नसला तरी चालते. वाहने कमी आणि संथ असतील, तर रस्त्याच्या कडेने निर्धास्त चालता येते.

अंतराचा हिशेब सोपा आहे. धडधाकट माणूस पाच मिनिटांत सुमारे ४०० मीटर चालतो. वृद्ध व्यक्तीला तेवढ्यासाठी आठ मिनिटे लागू शकतात. किराणा, भाजी, औषधांचे दुकान, बसथांबा, दवाखाना, उद्यान आणि प्राथमिक शाळा या सात गोष्टी ८०० मीटरच्या आत आहेत का, हे पाहावे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे अपेक्षित आहे.

इथे नकाशातील सरळ रेषेवर विसंबू नये. मोठ्या गृहसंकुलांच्या सीमाभिंतींमुळे २०० मीटरवरचे उद्यान वळसा घालून एक किलोमीटरवर जाते. सर्वांत खरी कसोटी लहान मुलाची. दहा वर्षांची नात मोठा रस्ता न ओलांडता कोथिंबीर आणि दूध घेऊन एकटी परत येऊ शकते का? याचे उत्तर ‘हो’ असेल, तर तो परिसर आजोबांसाठीही सोयीचा असतो. उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढची आठ-दहा वर्षे आई किंवा बाबांपैकी एकाला मुलांचे सारथी व्हावे लागते.

तिन्ही गुण एकत्र का सापडत नाहीत?

सदाशिव पेठेत जे लागेल ते पाच मिनिटांवर मिळते, पण शांतता आणि हिरवाई कमी. शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या भागात शांतता आणि मोकळी हवा आहे, पण दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागते. या दोहोंच्या मधला पट्टा गृहरचना सोसायट्या आणि बंगल्यांच्या वसाहतींचा. सहकारनगर किंवा मॉडेल कॉलनीसारख्या भागांत छोटे भूखंड, आतल्या गल्ल्या आणि जवळची बाजारपेठ असा मेळ बसला. मुंबईत दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि शिवाजी पार्क हीच गोष्ट सांगतात. अशा ठिकाणी घराची किंमत जास्त असते आणि पुनर्विकासामुळे त्यांचे रूपही बदलते आहे. त्यामुळे बहुतेक कुटुंबांपुढे प्रश्न ‘तिन्ही कुठे मिळेल’ हा नसतो, तर ‘कशात तडजोड करायची’ हा असतो.

या तडजोडीत एक भेद उपयोगी पडतो. आवाज जाड काचांच्या खिडक्यांनी किंवा रस्त्याच्या उलट बाजूची सदनिका निवडून काही प्रमाणात कमी करता येतो. सोसायटीने ठरवले तर झाडे लावता येतात. शाळा, बाजार आणि दवाखान्याचे अंतर मात्र कमी करणे कुटुंबाच्या हातात नसते. त्यामुळे घरात लहान मुले किंवा ज्येष्ठ असतील, तर बजेट अपुरे पडताना आधी खोलीचा आकार कमी करावा, चालण्याजोगे अंतर शेवटपर्यंत सोडू नये.

कागदांवर काय पाहायचे?

आजची शांत गल्ली उद्या हमरस्ता होणार का, याचे उत्तर विकास आराखड्यात असते. महापालिकेकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घेतल्यास आसपासचे नियोजित रस्ते, उद्याने आणि मैदानांची आरक्षणे कळतात. पण आरक्षण म्हणजे तयार उद्यान नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर जागामालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण संपते.

नव्या प्रकल्पाचे मंजूर आराखडे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ‘पुढच्या टप्प्यात’ समोर आणखी किती मजल्यांच्या इमारती येणार, हे तिथे तपासावे.

नदी किंवा ओढ्याकाठच्या हिरवाईबाबत विशेष सावध राहावे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने सहकारनगर, अरण्येश्वर परिसराची दैना केली. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी निळ्या आणि शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवली जाते. आपली इमारत या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे व्यवहारापूर्वी पाहावेच. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अशा भागांत नळाचे पाणी येते की टँकर, आणि उन्हाळ्यात टँकरवर महिन्याला किती खर्च होतो, हे रहिवाशांनाच विचारावे.

निर्णयापूर्वी शेवटची खात्री कशी करावी?

शक्य असेल, तर आवडलेल्या भागात आधी अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहावे. त्या काळात पावसाळा, गणेशोत्सव आणि उन्हाळा यांचा बराचसा अनुभव मिळतो. भाड्याचा पैसा वाया गेला असे वाटू शकते, पण साडेपाच लाखांच्या मुद्रांक शुल्काच्या तुलनेत तो विमा समजावा. भाड्याने राहणे शक्य नसेल, तर किमान एका सकाळी त्या घरापासून शाळेपर्यंत मुलांसोबत आणि एका संध्याकाळी उद्यानापर्यंत आजी-आजोबांसोबत चालून पाहावे.

घर घेतल्यावरही काम संपत नाही. विकास आराखड्यातील बदलांवर हरकती-सूचना मागवल्या जातात, झाड तोडण्यापूर्वी त्यावर नोटीस लावली जाते. मुदतीत हरकत नोंदवणारे रहिवासी असतील, तर परिसराचे रूप टिकण्याची शक्यता वाढते. त्यामुळे घर पाहायला जाताना तिथले रहिवासी अशा नोटिसा वाचतात का, हेही विचारून घ्यावे.