घरगुती विद्युत्-संहितेतील ‘आउटलेट’ आणि दर्शक-दिवा

स्विच अंधारात सापडावा म्हणून त्याच्या पोटात कधी कधी एक बारीकसा निऑन-दिवा बसविलेला असतो. तो वीज घेतो, हे उघड आहे. मग त्या स्थानास ‘आउटलेट’ म्हणावे काय? प्रश्न वरवर शाब्दिक वाटतो; परंतु अमेरिकेच्या ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ या संहितेत शयनगृहाच्या संरक्षणाची मर्यादा काही वर्षे याच शब्दाने ठरत होती.

या संहितेत आउटलेट ही वस्तू नसून तारव्यवस्थेतील बिंदू होय. वीज वापरणाऱ्या उपकरणासाठी जेथे प्रवाह घेतला जातो तो बिंदू. सॉकेट ही वस्तू, ते जेथे बसविले ते आउटलेट. छतावरील दिव्याची किंवा धूर-सूचकाची जोडणी हेही आउटलेटच. (आपल्याकडील वायरमन ‘पॉइंट’ मोजून मजुरी ठरवितात, ती कल्पना याच्या पुष्कळ जवळची आहे.) स्विच प्रवाह पुढे नेतो वा तोडतो, म्हणून तो ‘डिव्हाइस’ या वर्गात पडतो.

अडचण येथेच उद्भवते. डिव्हाइसच्या जुन्या व्याख्येत वीज ‘न वापरण्याची’ अट होती, आणि दर्शक-दिव्याचा स्विच तर बहुधा एक मिलिअँपिअरहूनही कमी असला तरी प्रवाह वापरतोच. चालू शतकाच्या पहिल्या दशकात ही व्याख्या बदलून वीज वाहून नेणे वा नियंत्रित करणे हे ‘मुख्य कार्य’ असावे, एवढाच निकष ठेवण्यात आला. दिव्याचा वापर आनुषंगिक ठरला. रात्रदीप असलेले सॉकेटही त्यामुळे सॉकेटच राहते. खोलीत दिव्याचे आउटलेट असावे ही अट तेवढ्याने पुरी झाली, असे मानता येत नाही.

तारांतील ठिणग्या ओळखून प्रवाह तोडणारे साधन 1999 च्या आवृत्तीने शयनगृहातील सॉकेटांच्या मंडलांना सक्तीचे केले. अंमल 1 जानेवारी 2002 पासून. 2002 च्या आवृत्तीने ‘सॉकेट’ऐवजी ‘आउटलेट’ म्हटले, तेव्हा दिवे व धूर-सूचकही कक्षेत आले. परंतु स्नानगृहाच्या दिव्याचा नुसता स्विच शयनगृहात असेल, तर ते मंडल मोकळे राहिले, तार त्याच भिंतीतून जात असूनही! दर्शक-दिव्यामुळे तो स्विच आउटलेट ठरता, तर दिवा असलेल्यास संरक्षण व नसलेल्यास नाही, असा विचित्र भेद उत्पन्न झाला असता. 2014 च्या आवृत्तीने ‘आउटलेट किंवा डिव्हाइस’ असे शब्द घालून हा वाद मिटविला. मात्र ही संहिता आपोआप कायदा होत नाही. राज्ये व शहरे ती आपापल्या फेरफारांसह स्वीकारतात, म्हणून एखाद्या घराचा विचार करताना तेथे कोणत्या वर्षाची आवृत्ती लागू होती, हे प्रथम पाहावे लागते.