शेतांत झाडें किती असावींत?

शेतांत झाड असलें कीं पिकाची हानि होते, असें पुष्कळ शेतकरी पालकांचें मत असतें. आणि तें निराधार नाहीं. झाडाची सावली पिकाचा प्रकाश अडविते व मुळें जमिनींतील ओल शोषून घेतात. मग बांधावरचें शेवटचें झाडहि तोडावें काय? आफ्रिकेंतील नायजर देशाचा अनुभव याविषयीं मोठा बोधप्रद आहे.

तेथील मुख्य अन्न बाजरी होय. शेतें साफ करण्याच्या भरांत लोकांनीं झाडें तोडिलीं. पुढें वारा मोकाट सुटून वाळूखालीं कोंवळीं रोपें गाडलीं जाऊं लागलीं व पेरणी पुन्हां पुन्हां करावी लागे. १९८३ सालीं टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन मिशनरी कृषितज्ज्ञाच्या ध्यानांत आलें कीं, शेतांतील क्षुद्र झुडपें हे वस्तुतः तोडलेल्या वृक्षांच्या जिवंत बुंध्यांचे धुमारे आहेत. शेतकऱ्यांनीं त्यांतील निवडक राखिले, बाकीचे छाटिले. अशा रीतीनें दोन दशकांत सुमारें ५० लाख हेक्टर भूमीवर अंदाजें २० कोटी झाडें उभीं राहिलीं. म्हणजे एकरीं सोळाच!

परंतु झाडाची जातहि पाहिली पाहिजे. तेथील ‘गाओ’ हा बाभळीचा आप्त पावसाळ्यांत पानें गाळतो व उन्हाळ्यांत पालवतो. त्यामुळें बाजरीस ऊन मिळतें, जमिनीस खत मिळतें, आणि त्याच्या तळीं पीक बहुधा अधिक जोमानें येतें. उलट, शेजारच्या बुर्किना फासो देशांत ‘करिते’ वृक्षाच्या सावलींत ज्वारीचें उत्पन्न बरेंच घटतें.

मग करिते समूळ काढावा काय? त्याच देशांत झालेलें एक संशोधन २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. झाड मुळींच नसेल तर जमीन घट्ट होऊन पावसाचें पाणी वाहून जातें. झाडी दाट असेल तर मुरलेलें पाणी झाडेंच पिऊन टाकितात. विरळ झाडी असेल तेथेंच भूगर्भांत सर्वांत अधिक पाणी मुरतें, असें त्यांत आढळून आलें.

तात्पर्य, झाड हें पिकाचें शत्रूहि नव्हे व बिनशर्त मित्रहि नव्हे. विद्यार्थीमित्रहो, यंदा सुगीच्या वेळीं आपल्या शेतांत झाडाखालीं, दहा हातांवर व अगदीं उघड्यावर सारख्याच जागेंतील कणसें मोजून पाहा, आणि तो हिशेब वडिलांस दाखवा. कुऱ्हाड उचलावी कीं नुसती छाटणी करावी, हें मग उभयतां मिळून ठरवा. तोडण्यास एक प्रहर पुरतो. वाढण्यास मात्र एक पिढी लागते.