गाणारी पोथी

मैफलीत गायकाच्या मागे पडद्यावर तालाबरोबर चित्रे बदलत राहतात, हे दृश्य शहरांत आता सरावाचे झाले आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत काचेच्या बशीत तेल आणि रंगीत पाणी हलवायचे, त्यातून प्रकाश सोडून रॉक वादकांच्या मागे रंगांचे लोळ उठवायचे. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधला ‘जोशुआ लाइट शो’ त्यात फार गाजला. या कलेचा इतिहास सांगताना बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. माझ्या मते ती सुरुवात कोकणातूनही करता येते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तिथल्या गुढीपूर वस्तीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. एका कथेच्या चित्रांच्या संचाला ते ‘पोथी’ म्हणतात. मुख्य कलावंत पोथी समोर घेऊन बसतो, एकेक चित्र पुढे करतो आणि गात-सांगत कथा पुढे नेतो. वीणा, हुडुक आणि टाळ यांची साथ असते. रामायण-महाभारतातली आख्याने तर असतातच, शिवाय लोकांच्या तोंडी रुजलेल्या अहिरावण-महिरावणासारख्या कथाही असतात.

खरी करामत चित्र पालटण्यात आहे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. प्रसंग संपला की हात फिरतो आणि पुढचा प्रसंग समोर येतो. गाणे कुठेही अडत नाही. कोणत्या ओळीला चित्र फिरवायचे, युद्धावर किती थांबायचे, संवाद कुठे आवरायचा, हे सगळे गाणाराच ठरवतो, तेही समोरच्या माणसांकडे बघत. चित्रांची घडणही याच कामाला साजेशी आहे. माणसे बाजूने रेखलेली, डोळे मोठे, पात्रे समोरासमोर, पार्श्वभूमी जवळपास मोकळी. दिव्याच्या उजेडात मागे बसलेल्यालाही कोण कोणाशी बोलते आहे ते कळते.

याच ठाकरांकडे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहे. चामडे पारदर्शक होईपर्यंत कमवायचे, कोरायचे, रंगवायचे आणि पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून नाचवायचे. जावा बेटावरचा वायांग याच जातकुळीतला.

चित्रकथीची परंपरा किती जुनी? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. पिंगुळीच्या कलावंतांना पुढे सावंतवाडी संस्थानाचा आश्रय मिळाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याने पडद्यावर मोठी करून ‘शांबरिक खरोलिका’ दाखवायला सुरुवात केली. साधन बदलले, रंगवलेल्या चित्रांतून कथा उभी करायची रीत तीच राहिली. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा चित्रपट दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, त्यानंतर.

एवढ्या कलेची नोंद कोणी घेतली? चित्रांची नोंद चांगली झाली. गोदाकाठच्या पैठणला अशाच कथाचित्रांचे संच मिळाले. म्हणून अभ्यासक त्यांना ‘पैठण शैली’ म्हणू लागले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहता येतात. ही फार मोलाची कामगिरी आहे. पण काचेआडच्या त्या कागदाला चाल नाही, हुडुक नाही, पालटणारा हात नाही. फाटकी पोथी पाण्यात विसर्जित करायची, असाही चित्रकथींचा रिवाज. म्हणजे संग्रहालयात पोचले ते बचावलेले, आणि जे बचावले त्याचेही गाणे मागेच राहिले.

म्हणून पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांचे काम मला फार मोठे वाटते. त्यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले, ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. तिथे पोथ्या आणि बाहुल्या मांडलेल्या आहेत आणि आलेल्यांना खेळही करून दाखवतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आता प्रत्येक पोथी पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत, गाण्यासकट आणि चित्र पालटणाऱ्या हातासकट चित्रित व्हायला हवी. हे काम ती गाणारी माणसे आहेत तोवरच होऊ शकते.