मुलांच्या ॲपचें मोल

मुलांच्या खेळण्यांवर खर्च करावा कीं नाहीं, याविषयीं आपल्या घरांत फारसा वाद होत नाहीं. लांकडी ठोकळे, रंगांची पेटी, गोष्टींचीं पुस्तकें, भातुकलीचा संच, यांत जें चांगलें तें थोडें महाग असावयाचेंच, हें आपण मुकाट्यानें मान्य करतों. परंतु तेंच खेळणें मोबाईलच्या कांचेमागें गेलें कीं आपली बुद्धि एकाएकीं पालटते. तीनशें रुपयांचा ठोकळ्यांचा डबा घेतांना न अडखळणारा हात शंभर रुपयांच्या ॲपवर थबकतो, आणि शेजारींच 'मोफत' अशी पाटी दिसतांच तिकडे वळतो. या पाटीमागें काय चालतें, आणि रोख पैसे देऊन घ्यावयाच्या बालॲप्सचा बाजार गेल्या पंधरासोळा वर्षांत कसा उभा राहिला व कसा मोडला, हें आमच्या वाचकांपुढें मांडावें असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

ॲपल कंपनीनें आपलें ॲप्सचें दुकान १० जुलै २००८ रोजीं उघडलें, तेव्हां त्यांत सुमारें ५०० ॲप्स होतीं. २०१० च्या एप्रिलांत आयपॅड आला, आणि जें यंत्र मोठ्यांसाठीं म्हणून घरांत आलें तें बघतां बघतां मुलांचें झालें. यांत नवल नाहीं. कळफलकास अक्षरओळख लागते. कांचेस नुसतें बोट पुरतें. कॅलिफोर्नियांतील 'डक डक मूस' ही मंडळी २००८ सालींच या कामास लागली होती. त्यांचें पहिलें ॲप बसच्या चाकांच्या प्रसिद्ध इंग्रजी बालगीतावर होतें, आणि तें २००९ सालीं विक्रीस आलें. परंतु या बाजारास खरें वळण लावलें तें स्वीडनमधील 'टोका बोका'नें.

बोनिअर या जुन्या प्रकाशक घराण्याच्या आश्रयानें ब्यर्न जेफ्री व एमिल ओवेमार यांनीं ही संस्था २०१० सालीं स्टॉकहोम येथें काढली, आणि २०११ च्या मार्चांत आपलीं पहिलीं दोन ॲप्स बाजारांत ठेवलीं. त्यांतील 'टोका टी पार्टी' हें ॲप म्हणजे थेट आपली भातुकली होय. आयपॅड जमिनीवर आडवा ठेवावयाचा, म्हणजे त्याचें टेबल झालें. त्यावरचें वस्त्र निवडावयाचें, बशा मांडावयाच्या, केक वाढावयाचा, पेल्यांत सरबत ओतावयाचें. तें सांडलें तर पुसावयाचें, आणि शेवटीं भांडीं विसळावयाचीं. भोंवतीं भावंडें बसोत कीं बाहुल्या बसोत, खेळ चालतो. यांत गुण नाहींत, हारजीत नाहीं, घाई करणारें घड्याळ नाहीं. पडद्यावर वाचावयाचें कांहींच नसल्यामुळें स्टॉकहोमचा खेळ परक्या देशांतील मुलासही समजावून सांगावा लागला नाहीं. आईबापांनीं एकदां दोनतीन डॉलर द्यावे, पुढें मागणें नाहीं, जाहिरात नाहीं, असा हा सरळ व्यवहार होता, आणि कांहीं वर्षें तो उत्तम चालला.

अशीं ॲप्स दिसावयास सोपीं दिसतात. ज्यांनीं तीं करून पाहिलीं त्यांस त्यांतील कष्ट ठाऊक. लहान मूल एका बोटाच्या टोंकानें स्पर्श करीत नाहीं. तें तळहात टेकवून ठेवतें, दोन्ही हातांनीं थापट्या मारतें, वस्तु ओढतां ओढतां मध्येंच बोट उचलतें. मोठ्यांच्या ॲपमध्यें असला स्पर्श चूक म्हणून सोडून देतां येतो. येथें त्यांतून मुलाचा हेतु ओळखावा लागतो. ज्यास वाचतां येत नाहीं त्यास सूचना लिहून देतां येत नाहीं, म्हणून प्रत्येक वस्तूनें आपल्या रूपानें व आवाजानेंच 'मला हात लाव' असें सांगावें लागतें. तो आवाजही असा हवा कीं शंभर वेळां ऐकल्यावर घरांतील वडील माणसांनीं कानांवर हात ठेवूं नयेत. (हें पथ्य फार थोडे लोक पाळतात.) चित्रकार, प्रोग्राम लिहिणारा, ध्वनि देणारा, आणि मुलांचें शिकणें जाणणारें कोणी, अशीं तीनचार माणसें महिनोनमहिने खपतात. टोका बोकाची मंडळी कच्च्या नमुन्यापासूनच मुलांस समोर बसवून तीं कोठें अडतात, कोठें हंसतात तें पाहत. मुलांस पसंत न पडलेला नमुना कितीही सुंदर असला तरी निरुपयोगी.

एवढें करून ॲप तयार झालें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं, आणि या बाजाराचें दुखणें नेमकें येथेंच आहे. पुस्तक एकदां छापलें कीं चाळीस वर्षें कपाटांत राहिलें तरी वाचतां येतें. ॲपचें तसें नाहीं. ज्या यंत्रणेवर तें चालतें ती दरवर्षीं बदलते. नवे फोन, नवे आकार, नवे नियम येतात, आणि ॲपची डागडुजी न झाल्यास तें बंद पडतें. २०१७ च्या सप्टेंबरांत ॲपलनें यंत्रणेची अकरावी आवृत्ति काढली, तेव्हां जुन्या ३२-बिट पद्धतीचीं ॲप्स त्या आवृत्तीवर उघडेनाशीं झालीं. ज्या लहान मंडळ्यांस आपला माल पुन्हा बांधण्याइतकें बळ नव्हतें, त्यांचीं बालॲप्स पैसे देऊन घेतलेल्या घरांतूनही नाहींशीं झालीं. डागडुजी दरवर्षीं, आणि दाम मात्र एकदांच! नवीन गिऱ्हाईक सतत वाढत आहे तोंवर हा हिशेब कसाबसा जुळतो; वाढ थांबली कीं मोडतो.

आणि वाढ थांबलीच. कारण शेजारीं 'मोफत'चें दुकान थाटलें गेलें होतें. ॲपच्या आंत आणखी वस्तु विकण्याची सोय ॲपलनें २००९ सालीं केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मोफत ॲप्सनाही दिली. येथून आईबापांस फुकट मिळालेल्या ॲपमध्यें मुलापुढें दुकान मांडण्याचा मार्ग खुला झाला. 'स्मर्फ्स व्हिलेज' नांवाच्या खेळांत 'स्मर्फबेरी' ही खोटी फळें खऱ्या पैशांनीं विकत मिळत. अमेरिकेंतील एका आठ वर्षांच्या मुलीनें अशा खरेदीचें सुमारें १,४०० डॉलरांचें बिल केल्याची हकीकत २०११ च्या फेब्रुवारींत 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्यें आली. आईनें एकदां पासवर्ड दिला कीं पुढें पंधरा मिनिटेंपर्यंत तो पुन्हा विचारला जात नसे; तेवढ्यांत मूल किती फळें घेईल याचा नेम काय? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें हें प्रकरण धसास लावलें. जानेवारी २०१४ मध्यें ॲपलनें निदान ३ कोटी २५ लक्ष डॉलर परत करण्याचें कबूल केलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत गूगलनें निदान १ कोटी ९० लक्ष. आणि ॲमेझॉनविरुद्ध २०१६ सालीं न्यायालयानें निकाल दिला.

दरम्यान २०१३ मध्यें ॲपलनें आपल्या दुकानांत मुलांसाठीं निराळा विभाग केला, आणि खरेदीच्या दारापुढें मोठ्या माणसासच उघडतां येईल असें कुलूप असावें असा नियम घातला. हें कुलूप पुष्कळदां एखाद्या गुणाकाराचें असतें. ज्या घरांत सातव्या वर्षींच पाढे घोकून घेतात, तेथें या कुलपाचा फार भरंवसा धरूं नये हें उत्तम.

जाहिरातींचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं पांच वर्षांच्या आंतील मुलांचीं १३५ ॲप्स तपासून २०१८ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांत ९५ टक्के ॲप्समध्यें एक ना एक प्रकारची जाहिरात आढळली. खेळ ऐन रंगांत असतां मध्येंच चालूं होणारें चित्र, हिरमुसल्या तोंडानें 'हें विकत घे' असें सुचविणारें पात्र, लुकलुकणारें कुलूपबंद खेळणें, असे तिचे नाना अवतार. चार वर्षांच्या मुलास गोष्ट कोणती व जाहिरात कोणती यांतील भेद कळत नाहीं. तें मूल पैसे देत नाहीं, परंतु आपलें लक्ष देतें आणि मग आईच्या पदरास ओढतें. म्हणजे मोफत ॲपचेंही मोल दिलें जातेंच. फक्त तें देणारा हात घरांतील सर्वांत लहान असतो. आमच्या मतें, विकत घेणारा कोण आणि वापरणारा कोण, एवढ्या एकाच प्रश्नानें या बाजारांतील भलेंबुरें निवडतां येतें. ॲप करणाऱ्यास आईबापांस खूष करावयाचें असेल तर तो एक वस्तु करील. मुलास गुंतवून ठेवण्यावरच त्याचें पोट असेल तर अगदीं निराळी.

ज्या मंडळ्यांनीं सरळ व्यवहार केला त्यांची पुढें काय गति झाली? डक डक मूस २०१६ मध्यें खान ॲकॅडमी या धर्मादाय संस्थेंत सामील झाली, आणि तिचीं विकत असलेलीं ॲप्स विनामूल्य झालीं. त्याच मंडळींनीं २०१८ मध्यें काढलेलें 'खान ॲकॅडमी किड्स' हें खरोखरीच फुकट आहे. त्यांत जाहिरात नाहीं, वर्गणी नाहीं, कारण त्याचा भार देणगीदार उचलतात. टोका बोका २०१६ मध्येंच कॅनडांतील स्पिन मास्टर या खेळण्यांच्या कंपनीनें घेतली, आणि २०१८ मध्यें तिनें जें मोठें ॲप काढलें तें उघडावयास मोफत व आंत खरेदी अशा पद्धतीचें. ज्यांनीं एकदांच दाम घेण्याचा कित्ता घालून दिला, त्यांनीच तो सोडला. त्यांस नांवें ठेवणें सोपें आहे. डागडुजीचा खर्च कोणी द्यावा याचें उत्तर मात्र नांवें ठेवणाऱ्यांपाशीं नसतें.

उत्तर बहुधा वर्गणी हेंच आहे, आणि वर्गणी आपल्या घरांस नवी नाहीं. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं 'आनंद' मासिक काढलें, तेव्हांपासून मुलांच्या वाचनासाठीं वर्षाची वर्गणी भरणें ही मराठी घरांची रीत आहे. अंक दर महिन्यास नवा येई, म्हणून दाम पुन्हा देण्यांत कोणास वावगें वाटलें नाहीं. ॲपची वर्गणीही याच न्यायानें तोलावी. वर्षभरांत नवें कांहीं आलें काय, मूल तें उघडतें काय, हें पाहावें. नाहींतर बंद करावी. विसरून चालूं राहिलेली वर्गणी हेंच या धंद्यांतील मोठें उत्पन्न असतें असा आम्हांस दाट संशय आहे. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानें आपोआप वळती होणाऱ्या रकमेची सूचना निदान २४ तास आधीं यावी लागते. ती सूचना न वाचतां पुसून टाकूं नये. तसेंच २०२३ च्या वैयक्तिक विदेच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे. तोंवर पहारा घरचाच.

आतां मराठीकडे वळूं. समजा, चौघांच्या मंडळीनें मुलांसाठीं एक मराठी ॲप केलें आणि त्याची वर्गणी वर्षास १०० रुपये ठेवली. त्यांत १८ टक्के वस्तु व सेवा कर धरलेला असतो. तो वजा जातां ८५ रुपयांस कांहीं कमी उरतात. दुकानदार कंपनी लहान कारागिरांकडून १५ टक्के अडत घेते असें धरलें, तर हातीं ७२ रुपये येतात. या चौघांचा खर्च काटकसरीनें महिना दोन लाख धरला, तरी वर्षास २४ लाख झाले. म्हणजे सुमारें ३३,००० घरांनीं वर्गणी भरावी तेव्हां त्यांच्या चुली पेटणार. २०११ च्या जनगणनेप्रमाणें मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाखांवर आहेत. आंकडा जवळ ठेवला तर ३३,००० कांहींच नव्हेत. परंतु 'मोफत' शब्दाची मोहिनी पाहतां तेवढे मिळणें कठिण, हेंही तितकेंच खरें.

मग चालतें काय, तर हिंदी किंवा इंग्रजी ॲप घेऊन त्यावर मराठीची झूल चढविणें. याचे परिणाम पाहावयास फार खोल जावें लागत नाहीं. मराठी 'ल' आणि 'श' यांचीं वळणें हिंदीहून निराळीं. राज्य शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें आपलीं वळणें प्रमाण ठरविलीं आहेत. तरीही अक्षर गिरविण्याच्या ॲपमध्यें बोट हिंदी वळणानेंच फिरवावयास लागतें, आणि पहिलींत गेल्यावर बाई तेंच अक्षर खोडतात. उच्चारांची तर त्याहून दैना. 'चमचा' मधील च आणि 'चिमणी' मधील च, 'जहाज' मधील ज आणि 'जीभ' मधील ज हे कानास निराळे लागतात. उसन्या आवाजास तो फरक ठाऊकच नसतो. 'ळ' कधीं 'ल' होतो, कधीं वगळला जातो. हीं दुरुस्त करावयास कांहीं अलौकिक विद्या लागत नाहीं. मराठी अक्षरें वळणदार काढणारा एक मनुष्य, स्वच्छ बोलणारी एक बाई, आणि त्यांस वेळच्या वेळीं वेतन देण्याची ऐपत, एवढेंच लागतें.

या हिशेबांत परदेशस्थ मराठी घरें धरलीं तर चित्र थोडें बदलतें. अमेरिकेंत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकारानें मुलांच्या मराठी शाळा चालतात. तेथील घरांस वर्षाला तीन डॉलर ही रक्कम कॉफीच्या पेल्याएवढी. त्यांतून अडत वजा जातां २०० रुपयांवर हातीं येतात, आणि ३३,००० घरांचें ओझें १२,००० घरांस पेलतें. मात्र त्या मुलांस हवें असलेलें ॲप निराळें आहे. पुण्याच्या मुलाच्या कानांवर मराठी दिवसभर पडते, त्यास अक्षरें हवीं. न्यू जर्सीच्या मुलास अक्षरांआधीं आजीचें बोलणें हवें, गोष्ट हवी, 'इकडे ये', 'जेवून घे', 'हळू चाल' हें शंभरदां ऐकावयास हवें. दोन्हीकडे एकच माल पाठविणारा कारागीर दोन्हीकडे फसेल. कोणीं हें काम हातीं घेतलेंच तर त्यानें आधीं कोणत्या मुलाकडे पाहावयाचें तें ठरवावें, आणि आपल्या कच्च्या नमुन्यापुढें त्याच मुलास नेऊन बसवावें.