पान उलटायच्या आधी

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक उघडलं की आपण मोठी माणसं धडाधड वाचत सुटतो. गोष्ट संपवायची असते, कुकर लावायचा असतो. मूल मात्र पहिल्याच पानावरच्या मांजरावर बोट ठेवून बसलेलं असतं. ते बोट म्हणजे त्याचं बोलणंच. तेव्हा पान न उलटता तिथेच थांबायचं.

थांबून विचारायचं काय? "हे मांजर आहे ना?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही, मान डोलावली की संपला. "मांजर काय करतंय?" म्हटलं की मुलाला क्रियापद शोधावं लागतं. विचारून झालं की मनातल्या मनात पाच आकडे मोजा. मोठ्यांना ते फार लांब वाटतात, पण शब्द आठवून जिभेवर आणायला मुलाला वेळ लागतोच. "माऊ दूदू" एवढंच आलं, तर "हो, माऊ वाटीतलं दूध पितेय" म्हणायचं. चूक दाखवायची नाही, घोकून घ्यायचं नाही. त्याचंच वाक्य जरा वाढवून त्याला परत द्यायचं.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये नेमकं हेच तपासलं. पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या काही पालकांना असं प्रश्न विचारत वाचायला शिकवलं. बाकीचे नेहमीसारखं वाचत राहिले. चारच आठवड्यांत पहिल्या गटातली मुलं बोलण्याच्या एका चाचणीत साडेआठ महिन्यांनी पुढे निघाली. पुस्तकं दोन्हीकडे वाचली जात होती. फरक होता तो वाचण्याच्या रीतीत.

मराठी घरात एक गंमत हमखास दिसते. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा "मी पडले", "मी जाते" म्हणतो. आई "तू पडलास?" असं दुरुस्त करून म्हणते, पण त्यात "मी पडलो" हे रूप येतच नाही. ते त्याला बाबा-आजोबांच्या तोंडूनच सहज ऐकायला मिळणार. म्हणून पुस्तक कधी त्यांच्याही मांडीवर जायला हवं. ("राजा"चा "लाजा" होतो, त्याची घाई नको, "र" उशिरा येणारा वर्ण आहे.)

मग मांजर पुस्तकाबाहेर आणायचं. महागडी खेळणी लागत नाहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा परिसरातल्या बिया, शंखशिंपले, पानं हीच साधनं केली होती. घरात वाटी, चमचा, जुनी ओढणी पुरते. मांजर ओढणीखाली लपलं, वाटीमागे गेलं, पाटावर चढलं: "खाली, मागे, वर" हे शब्द चित्रात दाखवणं अवघड, पण खेळात ते आपसूक येतात.

आणि तेच मांजर सतरंजीवर. मार्जारासनात हात-गुडघे टेकायचे, श्वास सोडताना पाठ वर उचलायची, घेताना खाली सोडायची. नुसत्या आसनाने भाषा येत नाही, हे आधीच सांगून टाकते. कामाचं असतं ते त्याभोवतीचं बोलणं: टेकव, वाकव, टाच, कोपर, हळूच. दोन-तीन दिवसांनी पोराला गुरुजी करा. आता सूचना त्याने द्यायच्या आणि आपण मुद्दाम चुकायचं. "अशी नाही, वल!" हे ओरडून सांगताना ते जेवढं बोलतं, तेवढं एरवी विचारूनही बोलत नाही. लाजऱ्या मुलांना सिंहासन आवडतं, कारण जीभ बाहेर काढायला इथे परवानगी असते. भ्रामरीत ओठ मिटून "म्‌म्‌म्" करायचं, मग ओठ उघडून "मा". जेवल्यावर लगेच नको, श्वास रोखायला लावायचं नाही, आणि कंटाळा दिसला की सतरंजी गुंडाळायची.

एवढं करूनही दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर "याचे बाबाही उशिराच बोलले" म्हणत बसू नये. आधी कान तपासून घ्यावेत, डॉक्टरांना दाखवावं.

तेच पुस्तक सलग चौथ्या रात्री समोर येईल. आपल्याला जांभया येतील, पण आता गोष्ट त्याला पाठ असते. "मांजराने सगळं दूध…" म्हणा आणि गप्प बसा. आकडे मोजायची वेळच येणार नाही.